पहाटे साडेचारचं पाणी : एका तलावाच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी माझ्या वहीतून उतरवल्या आहेत. एका तलावाचं पाणी का बिघडतं आणि त्यावर काय करायचं, हे शोधायचा हा प्रकल्प. तलाव नागपुरातला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. ‘साहेब’ म्हणजे तलाव ज्या कार्यालयाकडे आहे तिथले उपअभियंता, ‘मॅडम’ आमच्या प्रयोगशाळेच्या, ‘काका’ मच्छीमार सोसायटीचे. मी प्रकल्प सहायक, म्हणजे बाटल्या उचलणारी.

९ फेब्रुवारी

पहिली बैठक. चहा आधी आला, विषयपत्रिका नंतर. सुरुवातीचा तासभर एकाच मुद्द्यावर गेला: हा तलाव पाणथळ जागांना संरक्षण देणाऱ्या २०१७ च्या नियमांत बसतो की नाही? पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, करमणुकीसाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांनी वगळले आहेत. आणि नागपुरात अंबाझरी घ्या नाहीतर फुटाळा, कोणीतरी बांध घातला म्हणूनच पाणी साचलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “ते वकिलांवर सोडू. मासा नियम वाचत नाही.”

मग साहेबांनी विचारलं, अहवाल कधी मिळेल. मॅडम म्हणाल्या, किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा मोजल्याशिवाय त्या काही लिहून देणार नाहीत. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “मॅडम, माझा पैसा ३१ मार्चला परत जातो.”

दोघंही खरंच बोलत होते. बैठक तिथेच संपली.

१३ फेब्रुवारी

पहिलं सॅम्पलिंग. सकाळी अकरा. काकांचा डोंगा, मी, मीटर, आणि सेक्कीची तबकडी. ही वीस सेंटिमीटरची, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली. दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. १८६५ सालापासून जगभर पाण्याचा गढूळपणा याच साध्या युक्तीने मोजतात. काका म्हणाले, “थाळी आणली, भाजी कुठं हाये?” थाळी दोन वितींच्या आतच गायब झाली. पाणी हिरवं, मूग वाटून घातल्यासारखं.

मीटरने वरच्या पाण्यात लिटरला अकरा मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन दाखवला. २५ अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळून आठच्या आसपासच बसतो, म्हणून मला वाटलं मीटर बिघडला. किनाऱ्यावर येऊन पुन्हा कॅलिब्रेट केला. तेच. मॅडमना फोन केला तर त्या हसल्या. शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि पाण्याला तो सांभाळता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

साहेबांना व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवला. त्यांचा अंगठा आला. आकडा चांगला दिसतोय म्हणून.

उतरताना काका म्हणाले, “तुमी अकरा वाजता येता जी. तवा पाणी हासतेच. पहाटं साडेचारले या, मंग सांगा.”

२० फेब्रुवारी

आले. साडेचारला तलावावर पथदिव्यांचा उजेड आणि थंडी. मीटर: वर तीनच्या खाली, तळाशी शून्याला टेकलेला.

मीटरवर एकट्यावर विसंबायचं नाही, म्हणून विंकलरच्या बाटल्याही भरल्या. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. वरच्या पाण्याची बाटली फिक्की तपकिरी झाली. तळाची दुधासारखी पांढरी. टॉर्चच्या उजेडात काकांनी दोन्ही बाटल्या हातात घेतल्या आणि बराच वेळ बोलले नाहीत.

रात्रभर शेवाळही श्वास घेतं, मासाही, आणि तळाच्या गाळातले जिवाणूही. सूर्य उगवायच्या जरा आधी हिशोब तळाला लागतो. आम्ही शास्त्रज्ञ मंडळी मात्र कार्यालयीन वेळेत मोजत होतो. आठ दिवसांपूर्वीचा तो अंगठा डोळ्यांसमोर आला.

मुद्दाम फोटो काढला: दोन बाटल्या शेजारी-शेजारी, मागे तलाव. यावेळी साहेबांना आकड्याऐवजी तोच पाठवला. सकाळी सव्वासहाला त्यांचा फोन. “हे आजचंच आहे?”

२७ फेब्रुवारी

गाळावरून भांडण. दुसरा शब्द नाही.

साहेबांचं म्हणणं: निधी आहे, यंत्रं मिळतात, गाळ काढून टाकू, लोकांना काम दिसतं. मॅडमचं म्हणणं: गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खत, साठला आहे हे खरं, तळाचा ऑक्सिजन संपला की तो पाण्यात परत सुटतो हेही खरं. पण नाले चालू असताना गाळ काढणं म्हणजे मोरीचा नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. शिवाय पाणी भरलेलं असताना अर्धामुर्धा उपसला तर एका आठवड्यात जे ढवळून वर येईल त्याने मासे मरतील, आणि नाव प्रयोगशाळेचं.

साहेब म्हणाले, “नाले बंद करा म्हणणं सोपं आहे हो. कोणता नाला? आधी कोणता?”

मॅडमनी मग सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवराची गोष्ट सांगितली. १९५५ साली तिथे नको असलेलं शेवाळ दिसलं. एडमंडसन नावाचे प्राध्यापक ते पाहात होते. त्यांनी सांडपाण्यातल्या फॉस्फरसकडे बोट दाखवलं आणि पुढे काय होईल ते आधीच सांगून ठेवलं. सांडपाणी सरोवराबाहेर वळवायचं तर कर भरावा लागणार होता. मार्च १९५८ मध्ये मतदान फसलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजूर झालं. १९६८ पर्यंत सांडपाणी पूर्ण वळवलं आणि पाणी निवळत गेलं. सरोवर खोल, पाणी थंड, आपल्या उथळ तलावाशी त्याची तुलना होत नाही, हे मॅडमनीच पुढे सांगितलं.

साहेबांना त्यातली एकच गोष्ट भावली. “म्हणजे त्या प्राध्यापकाने आधी सांगितलं, हे केलं तर हे होईल. असं लिहून द्या ना मला.”

मॅडम गप्प. मला वाटतं इथेच काहीतरी हललं.

४ मार्च

तलावात तीन नाले. पहिला वस्तीच्या बाजूचा: काळा, वासाचा, नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहवत नाही. दुसरा बहुतेक कोरडा. तिसरा रस्त्याखालच्या सिमेंटच्या पुलातून येतो, पाणी दिसायला बरं, पोट्टे त्यात पाय सोडून बसतात.

आम्ही तिन्हींचा फॉस्फरस मोजून आणला होता आणि पहिल्या नाल्याखाली लाल रेघ मारली होती. साहेबांनी कागद बघितला. “प्रवाह?”

प्रवाह आम्ही मोजलाच नव्हता. खरं सांगायचं तर लाज वाटली. तीव्रता गुणिले प्रवाह म्हणजे भार, हे मी एम.एस्सी.च्या परीक्षेत लिहिलं आहे.

११ मार्च

साहेबांनी पत्र्याच्या व्ही-नॉच पट्ट्या बनवून आणल्या, ९० अंशांच्या खाचेच्या. नाल्यात आडवी पट्टी ठोकायची, खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीने वाचायची. ती दहा सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर. वीस झाली तर पावणेपंचवीस. म्हणजे उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पटींहून जास्त. हे डोळ्यांना कधीच कळत नाही. साहेब चिखलात गुडघाभर उभे राहून मला हे समजावत होते. त्यांचे बूट आमच्या गाडीच्या टपावर.

चोवीस तास मोजायचं ठरलं, कारण नळ येण्याच्या वेळेनंतर नाला फुगतो आणि दुपारी बसतो. दोन पाळ्या. रात्रपाळी मी आणि त्यांचा कनिष्ठ अभियंता. तर्री पोहे पहाटे पाचला, गाडीवाल्याने आम्हाला चोर समजून आधी चौकशी केली.

१८ मार्च

हिशोब लागला. तिसऱ्या, ‘बऱ्या दिसणाऱ्या’ नाल्याची तीव्रता पहिल्याच्या एक तृतीयांश. प्रवाह साडेपाच पट. भार जवळपास दुप्पट. आमची लाल रेघ चुकीच्या नाल्याखाली होती.

त्याहून मोठी गोष्ट साहेबांनी शोधली. तिसरा नाला पावसाळी पाण्याचा, त्यात कोरड्या मार्चमध्ये एवढं पाणी असायलाच नको. त्यांनी वरच्या बाजूने एकेक चेंबर उघडत नेला आणि एका ठिकाणी तुंबलेली गटारलाईन फुटून नाल्यात मिळालेली सापडली. म्हणजे नाला वळवायची मोठी योजना नंतर. आधी एक चेंबर साफ, एक पाईप दुरुस्त. हे काम देखभालीच्या पैशात बसतं.

प्रयोगशाळेत बसून आम्ही हे जन्मात शोधलं नसतं.

३१ मार्च

पाईप झाला. गाळाचा निधी परत गेला. साहेब दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

१६ एप्रिल

ऊन ४२. दुपारी तीनला सामू (पीएच) नऊच्या वर. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून सामू चढतो. त्याचा अमोनियावर परिणाम होतो: ३० अंशांना सामू ७ असेल तर विषारी, मुक्त रूपातला अमोनिया शंभरात एक भागही नसतो. सामू ९ ला तो पंचेचाळीस भागांपर्यंत जातो. अमोनिया तेवढाच, विष कितीतरी पट.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे दिवसा विष अन् रात्री गुदमरणं. मासा जगते कसा?” काका शेजारीच जाळं विणत होते. “तिलापिया जगते. कतला नाय जगत.”

२४ एप्रिल

कारंज्याची बैठक. तलावात तरंगतं कारंजं आहे, संध्याकाळी सहा ते नऊ चालतं, रंगीत दिव्यांसकट. ते रात्री चालवा, असं मॅडमनी सुचवलं. सगळे हसले. रात्री कोण बघणार?

मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं. संध्याकाळी सहाला पाणी ऑक्सिजनने भरून वाहात असतं. त्या पाण्याचे तुषार हवेत उडवले तर जास्तीचा ऑक्सिजन उलट उडून जातो. भरल्या माठात पाणी ओतायला जावं आणि माठच कलंडावा, तसं. तेच कारंजं रात्री एक ते सहा चालवलं तर उपाशी पाण्याला हवेतून मिळेल. फार नाही, पण पहाटेचा तास निभावेल.

अडचणी अशा निघाल्या: रात्रीचा चौकीदार, विजेची वेगळी मंजुरी, आणि संध्याकाळी कारंजं बंद झालं तर चणेवाला, आईस्क्रीमवाला, फुगेवाला यांचं काय? शेवटचा मुद्दा साहेबांनी काढला आणि मला तो पटला. तोडगा: संध्याकाळी एक तास, रात्री पाच तास, तीन महिने करून बघायचं. चौकीदाराने खुर्ची आणि दिवा मागितला. दोन्ही दिले.

याच बैठकीत एक पानाचा कागद तयार झाला. माझ्या मते प्रकल्पातलं सगळ्यांत कामाचं पान. पहाटेचा ऑक्सिजन चारच्या वर: काही करू नका. चारच्या खाली: रात्री कारंजं. दोनच्या खाली: काकांना फोन, सोसायटीने त्याच दिवशी मोठे मासे काढून घ्यायचे, आणि गाळाला कोणी हात लावायचा नाही. चारचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मासेमारीच्या पाण्याच्या वर्गातून घेतला. दोनचा काकांच्या अनुभवातून. मॅडमनी त्याखाली सही केली, दोन ऋतू पूर्ण व्हायच्या आधी.

१९ मे

माझी चूक, लिहून ठेवते.

नमुने घेऊन स्कूटरवर निघाले, रस्त्यात पंक्चर. ४५ अंशांत बर्फाच्या डब्यातला बर्फ संपला. बाटल्या कितीतरी तास कोमट पाण्यात. तरी मी त्या बीओडीला लावल्या (पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ती चाचणी), आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांवर तीन दिवस. उत्तर छान आलं, आधीपेक्षा बरंच कमी. अर्थातच. जिवाणूंनी डब्यातच बरंचसं जेवण उरकलं होतं, बाटलीत मोजायला उरलं काय? आणि तो आकडा मी पाठवूनही दिला.

आज वही चाळताना लक्षात आलं. साहेबांना फोन केला. त्यांनी तो आकडा ‘सुधारणा’ म्हणून वरच्या साहेबांना सांगून झाला होता. पलीकडे शांतता. मग म्हणाले, “मी दुरुस्तीचं पत्र देतो. बर्फाचे पैसे यापुढे आमच्याकडून घ्या, अन् स्कूटर नको, गाडी मागा.”

मॅडम मात्र रागावल्या. बरोबरच होतं.

६ जून

पाण्याच्या पातळीवरून वाद. काका आणि आम्हाला पाणी हवं: जितकं जास्त, तितका ऑक्सिजन आणि तितकं पातळ विष. साहेबांना सांडव्याखाली जागा हवी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरीचं पाणी ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत शिरलं. त्या रात्रीनंतर या शहरातला कोणताही अभियंता तलावाकडे बघतो तेव्हा आधी सांडव्याकडे बघतो. यावर वाद घालायचा नसतो, हे मला आता कळतं. मॅडमनाही कळलं. त्यांनी एवढंच मागितलं की पाणी सोडायचंच तर तळाच्या दारातून सोडा, वरून नको, म्हणजे सगळ्यांत वाईट पाणी आधी जाईल. साहेब म्हणाले, तळाचं दार वीस वर्षांत उघडलेलं नाही. ग्रीस मागवलं आहे.

१७ जून

पहिला दणदणीत पाऊस काल संध्याकाळी. रस्त्यांवरचा वर्षभराचा मळ घेऊन नाले आले. आज दिवसभर ढग, शेवाळाला ऊन नाही.

१८ जून

पहाटे मीटर दोनच्या खाली. कारंजं रात्री दोनलाच वीज गेल्याने बंद पडलं होतं. चौकीदाराने फोन केला नाही, कारण कागदावर वीज गेल्याचं कलमच नव्हतं. आमचाच कागद.

पाचला काका आणि चार डोंगे पाण्यात. कतला वर येऊन तोंड उघडून फिरत होते. बरेच जिवंत निघाले आणि बाजारात गेले. बरेच मेलेही. किनाऱ्यावर पोती भरताना कोणी फोटो काढून टाकला, दुपारपर्यंत शहरभर. साहेबांना दिवसभर फोन. संध्याकाळी ते तलावावर आले, पोत्यांजवळ उभे राहिले. काका म्हणाले, “मांगच्या खेपेले आठ दिस वास गेला नवता साहेब. यंदा एका दिसात उचललं.”

कागदावर नवीन ओळ: वीज गेली तरी फोन.

२४ ऑगस्ट

काल मारबत, पीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. आज जलपर्णी. एवढे दिवस कोपऱ्यात होती, पावसाच्या पाण्यावर पंधरवड्यात दुप्पट होऊन सांडव्याच्या तोंडाशी आली. साहेबांना सांडवा मोकळा हवा, आम्हाला ती पाण्यात कुजायला नको. प्रथमच कोणताही वाद नाही.

वाद नंतर निघाला. ठेकेदाराची माणसं काढलेली जलपर्णी काठावरच ढीग करत होती, वाळल्यावर उचलू म्हणून. पंच्याण्णव टक्के पाणीच असतं तिच्यात, ओली वाहून नेणं म्हणजे पाणीच वाहणं, त्यांचंही खरं. पण ढिगातून काळं पाणी पाझरून परत तलावात. मधला मार्ग साहेबांनी काढला: बांधाच्या पलीकडच्या उतारावर ढीग, पाझर तलावाकडे नाही. काकांनी भंडारा-गोंदियाकडचं सांगितलं, तिथे ढीवर (मच्छीमार) बाया तलावातली बेशरम नावाची माजलेली झुडपं उपटतात आणि त्यांच्या जागी देशी पाणवनस्पती लावतात, माशांना अंडी घालायला. मॅडमनी लगेच वही काढली.

जलपर्णी ओढताना मजुरांची पोरं ओरडत होती: “जलपर्णी घेऊन जा गे मारबत!”

९ सप्टेंबर

विसर्जन कृत्रिम टाक्यांत झालं. तलावात निर्माल्याच्या थोड्या पिशव्या, प्लास्टिकसकट. दोन तासांत काढल्या.

१४ ऑक्टोबर

तिसऱ्या नाल्याची व्ही-नॉच पट्टी पुन्हा ठोकली. खाचेतलं पाणी आता मार्चपेक्षा बरंच खाली. पण पावसाळा नुकताच सरलाय, जमिनीतला पाझर त्यात मिसळतोय, त्यामुळे मॅडम यावर काही लिहायला तयार नाहीत. फेब्रुवारीत मोजू म्हणाल्या. साहेबांनी या वेळी कॅलेंडरकडे बघितलं नाही.

३ नोव्हेंबर

पहाटे पावणेपाचला फोन. कनिष्ठ अभियंता. या महिन्यापासून पहाटेची फेरी त्यांचं कार्यालय स्वतः घेतं, मीटर त्यांच्याकडे. “ताई, झोपमोड केली, सॉरी. आकडा स्थिरच होत नाही, वर-खाली करून राह्यला.”

विचारलं, टोकाच्या पडद्याखाली बुडबुडा दिसतो का? दिसतो म्हणाला. पडदा बदलायला हवा. दोन मागवले आहेत, तोवर विंकलरच्या बाटल्या. त्या कशा भरायच्या ते काका त्याला डोंग्यातून दाखवत होते, मागून आवाज येत होता: “बुडबुडा नको येऊ देऊ न भाऊ, बुच तिरपं लाव.”